गर्वाच्या धड्यातली रेघ

तीनशे वर्षांपूर्वीच्या एका प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या ख्रिस्ती पंथातल्या, पाळकाचं भक्तीचं पुस्तक नव्यानं मराठीत छापून आलं, तेव्हा आमच्या घरसभेतल्या आठही बायकांनी ते मागवलं. आठही प्रती सारख्याच, निळ्या कव्हरच्या. पाळकीणबाईंनी शिस्त घालून दिली, की घरी वाचायचं आणि काळजाला लागेल त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारायची.

गेल्या शुक्रवारी सभा संपल्यावर चहाच्या गडबडीत पुस्तकं बदलली. घरी येऊन उघडलं, तर गर्वाच्या धड्यात एका ओळीखाली जाड रेघ आणि बाजूला लिहिलेलं, ‘अगदी बेसावाली!’

सभेत आम्ही एकमेकींना वस्तीच्या नावानंच ओळखतो, आणि बेसाहून येणारी मी एकटीच. अक्षर इतवारीवालीचं. माझं डोकंच फिरलं. प्रार्थनेत माझा हात धरून डोळे पुसते, आणि घरी जाऊन हे लिहिते?

फोन उचलला, आणि मग आठवलं. माझी प्रत तिच्याकडे असणार, आणि तिच्यात त्याच ओळीशेजारी मी लिहिलंय, ‘इतवारीवाली, शंभर टक्के!’

मला जे हसू फुटलं, ते आवरेना. नवरा आतून ओरडला, “काहून हसून राहिली वं एकटीच?”

तेवढ्यात तिचाच फोन आला. तीही हसून हसून बेजार.

“अवं, तुह्यं पुस्तक पुरं पाह्यलं,” ती कशीबशी म्हणाली. “स्वतःसाठी एकबी रेघ नाही मारली वं?”

मी तिचं पुस्तक भराभर चाळलं. “तुह्यात तरी कुठं आहे?”