उजागरे सरांनी न लिहिलेलं नाव

योसेफ उजागरे सर नगरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. वय बावन्न, केस बेताचे, बोलणं भरपूर. या माणसाला एक खूळ लागलं होतं. देशोदेशीची हौशी मंडळी मिळून एक नवी ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्यातला ब्राउझर अगदी मुळापासून लिहीत बसली होती. पगार ना पाणी, नुसती हौस! कोड सगळ्यांसमोर उघडा. कुणीही बदल सुचवावा, जाणकारांनी तो तपासावा, पसंत पडला तर आत घ्यावा. महिनाअखेरीला ‘या महिन्यातले बदल’ अशी यादी लागायची आणि त्यात निवडक मोठ्या बदलांपुढे माणसाचं नाव. त्या यादीत आपलं नाव यावं म्हणून सर दीड वर्ष झुरत होते. दीड वर्षात त्यांचा एकच बदल आत गेला होता, तोही माहितीच्या पानावरचा एक राहिलेला स्वल्पविराम. त्याला यादीत कोण विचारतो!

त्या ब्राउझरला मराठीचं एक दुखणं होतं. ओळ संपली की अक्षर मध्येच तुटायचं. अक्षर वर राहायचं आणि त्याचा काना खालच्या ओळीत जाऊन एकटाच उभा राहायचा. सरांनी तीन महिने डोकं आपटलं. जमेना. शेवटी त्यांनी अलिझाला फोन लावला.

अलिझा त्यांची जुनी विद्यार्थिनी, सर तिसगावच्या शाळेत होते तेव्हाची. वडील गनीभाई, त्यांचं गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पोरगी बीएस्सी होऊन नोकरी शोधत घरी बसली होती. “बघते सर,” म्हणाली आणि अकराव्या दिवशी त्रेचाळीस ओळींचा कोड मेलवर हजर! सरांनी चालवून पाहिला. सगळे काने, सगळे उकार आपापल्या अक्षराला धरून. सरांना खुर्चीत बसवेना.

आता ऐका, गोम कुठे आहे ती. दोघांनी मिळून काम केलं असेल तर बदलाच्या तळाशी दुसऱ्याच्या नावाची एक ओळ लिहायची तिथली रीत होती. सरांना ती चांगली ठाऊक होती. बोट तिथं अडखळलंसुद्धा. पण अंगात मुरलेली मास्तरकी! विज्ञान प्रदर्शनात प्रकल्प पोरं करतात आणि ‘मार्गदर्शक’ म्हणून ढाल घ्यायला सर स्टेजवर चढतात. त्यात कुणाला वावगं वाटत नाही, पोरांच्या आईबापांनाही नाही. आपणच शिकवलेली पोरगी, म्हणजे काम आपलंच की. पुढच्या वेळी घालू तिचं नाव. असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

यादी लागली. शाळेनं सत्कार ठेवला, गेटवर फ्लेक्स लागला. मुख्याध्यापिका आरती मॅडम माइकवर म्हणाल्या, “आपल्या सरांच्या कामाची आता जगानं दखल घेतली!” सरांनी मान खाली घालून शाल घेतली. लोक म्हणाले, माणूस मोठा असून किती साधा. कसला साधा? मान वर करायची सोय नव्हती म्हणून खाली होती.

पुढच्या आठवड्यात अलिझाचा मेसेज आला. “सर, पुण्याला मुलाखत झाली. आपला तो बदल मी लिहिला असं सांगितलं. त्यांनी तिथंच उघडून पाहिलं. फक्त तुमचं नाव होतं. मला म्हणाले, दुसऱ्याचं काम दाखवून नोकरी मागू नका. तुम्ही तिथं माझं नाव टाकाल का? त्यांना परत दाखवता येईल.”

सरांनी काय उत्तर द्यावं? “बघतो.” बस्स, एवढंच!

ज्या पोरीला आपण हाताला धरून कीबोर्ड शिकवला, तिला भरल्या खोलीत खोटारडी ठरवलं, हे त्यांना कळत होतं. वर्गात पोरं “सर” म्हणून हाक मारायची तरी कानकोंडं व्हायचं. त्यांनी ब्राउझरच्या त्या मंडळींना विचारून पाहिलं. उत्तर आलं, आत गेलेल्या बदलावरचं नाव आता बदलत नाही. मात्र खाली सर्वांना दिसेल अशी टीप तुम्ही केव्हाही लिहू शकता. केव्हाही! दोन मिनिटांचं काम. पण टीप लिहिली की शाळेला कळणार, फ्लेक्स उतरणार. आठ दिवस सरांनी ती लिहिली नाही.

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर पापांची कबुली म्हणताना मात्र त्यांचा आवाजच फुटेना. तिथून उठले ते थेट माळीवाडा स्टँडवर. पाथर्डीची एसटी करंजी घाट उतरेपर्यंत सर मनात वाक्यं जुळवत होते, आणि तिसगावला उतरले तेव्हा त्यातलं एकही आठवत नव्हतं.

गनीभाई दुकानात तार गुंडाळत बसले होते. सरांना बघताच हात पुसत उठले. “या या, सर! तुमी कशाला तरास घेतला? आमीच येनार हुतो नगरला.” मागच्या घरात नेलं, खुर्ची दिली आणि हाक मारली, “अलिझा! भाईर ये.”

सर तोंड उघडणार, तोच गनीभाईंनी हात जोडले. “पोरगी चुकली, सर. तुमचं काम आपलं म्हनून सांगितलं तिनं पुन्यात. ज्यानं शिकवलं त्याच्याच कामावर हक्क सांगती व्हय? लई बोललो मी तिला. माफी करा.”

अलिझा दारात उभी होती. “सॉरी, सर,” ती म्हणाली. पण मान खाली नव्हती. सरळ त्यांच्याकडे बघत होती. “मी अब्बांना खरं सांगितलं होतं. सर असं करणारच नाहीत, म्हणाले.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सरांना झालं. “गनीभाई, काम तिचंच आहे,” ते कसेबसे म्हणाले. “सगळं तिचं. चोरी मी केली.”

गनीभाई खाली बसले. मग हळूच म्हणाले, “तीन दिस मी तिच्याशी बोललो न्हाई, सर.”

यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. सरांनी मोबाईल काढला, तिथंच बसून इंग्रजीत टीप लिहिली आणि पाठवण्याआधी अलिझापुढे धरली. ‘या बदलात माझी विद्यार्थिनी अलिझा शेख हिची मोलाची मदत झाली आहे.’

अलिझानं वाचलं आणि मोबाईल परत दिला.

“मदत नाही, सर. मी लिहिलं.”

सरांच्या कानशिलांना चटका बसला. कबुली द्यायला एवढा घाट उतरून आलो, आणि तीही अर्धी आपल्या खिशात ठेवून! त्यांनी वाक्य पुसलं. ‘हा बदल अलिझा शेख हिने लिहिला. मी तो माझ्या नावाने पाठवला.’ इतकं लिहून त्यांनी पुन्हा मोबाईल पुढे केला. या वेळी तिच्याकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही.

“‘माझी विद्यार्थिनी’ काढलंत,” अलिझा म्हणाली. “बरं केलंत. पाठवा आता.”