बक्कल, चावी आणि अण्णा

गाडी धुतली की चिखल निघून जातो. किस्से मात्र मडगार्डखाली साचत राहतात आणि कुणी चहा पाजला की आपोआप गळायला लागतात. आमच्या पाच जणांच्या मोटारसायकल कंपूचे इतके साचलेत, की माझी बायको म्हणते, तुमच्या गाडीचं अॅव्हरेज त्यानंच कमी झालंय. त्यातले थोडे सांगतो. मीठमसाला माझा, माणसं खरी.

कंपूचे म्होरके शिवलिंगअण्णा. मूळ उदगीरचे, लातूरला गोलाईच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान. वय त्रेसष्ट, मिशा पांढऱ्या, गळ्यात इष्टलिंग, अंगावर काळं जाकीट आणि खाली एवढी अवजड गाडी, की स्टँडवर लावली तर डांबरात खळगा पडतो. (हे मी पाहिलंय. उन्हाळा होता, पण पाहिलंय.)

रविवारी सकाळी निघायचं, कुठंतरी चहा प्यायचा, जेवायला घरी. एवढाच आमचा गुन्हा. पण काळी जाकिटं आणि पाच गाड्यांचा आवाज ऐकून लोकांना काहीही वाटतं. अहमदपूरला एकदा आम्ही हॉटेलसमोर थांबलो, तर मालकानं अर्धं शटरच ओढलं. खालून वाकून विचारलं, "काय लफडं हाय?"

अण्णांनी हेल्मेट काढलं, काखेत धरलं. "लफडं एकच हाय. चहात साखर कमी टाका. मला शुगर हाय."

शटर वर गेलं. आता तो मालक आम्ही दिसलो की लांबूनच ओरडतो, "गँग आली, बिनसाखरेचं टाक रे!"

*

कंपूचा नियम एकच आणि तो अण्णांचा. हेल्मेट घातलं पण बक्कल लावलं नाही, तर ते हेल्मेट नव्हे, डोक्यावरचं पातेलं. सापडला की जागेवर चावी काढून घ्यायची. गडी दुसऱ्याच्या मागं बसून घरी जाणार, आणि चावी त्याच्या बायकोच्या हातात. पुढच्या रविवारी तिनं दिली तर दिली.

पहिली शिकार बालाजी. हा शाळेत मास्तर. मुलांना रस्ता सुरक्षेची शपथ देऊन थेट आमच्यात आला आणि बक्कल लोंबत होतं. अण्णांनी चावी काढली, घरी नेऊन त्याच्या बायकोला दिली. सुनीता तिचं नाव.

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. तिसऱ्या रविवारी आम्ही चौघं विनंती करायला गेलो. सुनीतानं चहा दिला आणि म्हणाली, "अण्णा, अजून आठ दिवस राहू द्या. ह्यांनी सगळ्या घराला रंग दिलाय, माळा तेवढा राह्यलाय."

*

ट्रॅफिकच्या शेख मॅडमची ओळख अशीच झाली. त्या आमच्या चौकातल्या लिंबाच्या झाडामागं उभ्या असायच्या. गाडी आली की एकदम पुढं. आम्हा पाचही जणांना बाजूला घेतलं. कागद पाहिले, आरसे पाहिले, सायलेन्सरला कान लावायचाच बाकी ठेवला. काहीच सापडेना. मॅडम उदास झाल्या.

अण्णा म्हणाले, "बाई, एक बोलू का? झाडामागं उभ्या राह्यलात तर माणूस भितो. झाडापुढं राह्यलात तर सुधरतो."

"आणि ऊन लागतं त्याचं काय?"

पुढच्या रविवारी अण्णांनी दुकानातली मोठी छत्री आणून चौकात रोवली. मॅडम झाडापुढं आल्या. तेव्हापासून त्या चौकातला सिग्नल लोक पाळतात. काही जण तर हिरवा असतानाही थांबतात, असं मी सांगत असतो. अजून तरी कुणी खोडून काढलेलं नाही.

*

आता हा किस्सा हसत सांगायला सुरुवात करतो, पण मधेच आवाज खाली येतो माझा.

माहूरला देवीच्या दर्शनाला निघालो होतो. अण्णा पुढं. एका शेताजवळ त्यांनी गाडी हळू केली, हात वर केला आणि बांधाकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "शाब्बास रे गड्या! शेतात बी हेल्मेट! शिका काही ह्याच्याकडून!"

आम्ही पाहिलं. बुजगावणं होतं. शेतकऱ्यानं मडक्याऐवजी जुनं हेल्मेट बसवलं होतं. वर कावळा बसलेला.

आम्ही हसून हसून गाड्या बाजूला घेतल्या. बालाजी म्हणाला, "अण्णा, बक्कल लावलंय का त्यानं, विचारा की." अण्णाही हसले. पण ते जरा उशिरा हसले. आधी डोळे बारीक करून पुन्हा एकदा बांधाकडं पाहिलं, मग हसले.

त्यानंतर घाटात बालाजी न सांगता अण्णांच्या पुढं गेला. वरपर्यंत मागचा इंडिकेटर चालू ठेवून, हळू. एरवी विनाकारण इंडिकेटर चालू ठेवणाऱ्याला अण्णा सोलून काढायचे. त्या दिवशी त्या लुकलुकत्या पिवळ्या दिव्यामागं मुकाट चालत राहिले.

दर्शन झालं. पायऱ्यांवर मी विचारलं, "डोळं दाखवलं का?"

"दाखवलं. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता म्हणं. साखरेनं आतला पडदा खाल्लाय. गेलं तेवढं गेलं."

"मग गाडी?"

"चाललीय की."

बक्कलाला नियम होता, डोळ्यांना नव्हता. आणि असता तरी अण्णांची चावी काढायची कुणी? महिनाभर आम्ही चौघं एकमेकांवर ढकलत राहिलो. रोज वाटायचं, आज अपघाताचा फोन येतो की काय. पण कुणाचाही हात त्या चावीपर्यंत गेला नाही.

*

ऊस सुरू झाला की आमचा एक रविवार किल्लारीच्या बाजूला. उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, काही नसतं. सांजेला ट्रॉली रस्त्यात उभी असली की माणूस थेट उसात शिरतो. म्हणून अण्णा दुकानातून लाल रेडियमची गुंडाळी आणायचे आणि दिसेल त्या ट्रॉलीला मागून पट्ट्या चिकटवायचे. ड्रायव्हर विचारायचे, "किती द्यायचे?" अण्णा म्हणायचे, "जिवंत ऱ्हा, झालं."

त्या दिवशी परत निघालो, तर दिवस मावळत आलेला. पुढं कडेला एक ट्रॉली उभी. आम्ही वेग कमी केला. अण्णांनी केला नाही. बालाजीनं हॉर्न दाबून धरला, मी ओरडलो, आणि अण्णांनी ब्रेक मारला तेव्हा पुढचं चाक आणि ऊस यांच्यात हातभर जागा उरली होती.

अण्णा उतरले. ट्रॉलीच्या मागच्या फळीवरून हात फिरवला. लाल पट्टी होती. कोपऱ्यात त्यांच्याच दुकानाचा शिक्का, मागच्या हंगामातला.

त्या शिक्क्यावर अंगठा दाबला. मग म्हणाले, "मीच लावलेली. अन् मलाच दिसली न्हाई."

त्यांनी स्वतःच चावी काढली, माझ्या हातावर ठेवली. "वैनीला दे तुझ्या. नियम म्हंजे नियम."

माझ्या मागं बसून घरी आले. सगळ्या रस्त्यात एकच वाक्य बोलले, "खड्डा आधीच चुकवत जा रे, मागल्याला लई लागतो."

*

वैनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, चावी देवघराच्या खणात ठेवली. पुढचे चार रविवार अण्णा आलेच नाहीत. मागं बसा म्हटलं तर म्हणायचे, "पोतं हाय का मी?" टेम्पोत घालून घरी आणलेल्या अवजड गाडीवर चादर. त्यांच्याशिवाय आम्ही एकदा अहमदपूरला गेलो, तर हॉटेलवाल्यानं सवयीनं बिनसाखरेचा एक कप आणला आणि तो टेबलावर तसाच निवला.

पाचव्या रविवारी अण्णांचाच फोन. "सातला चौकात या. हेल्मेट घालून."

गेलो. शेख मॅडम छत्रीखाली. समोरून एक स्कूटर येत होती, बैलगाडीच्या वेगानं. पुढं लाल 'एल' लावलेला. चालवत होत्या वैनी. साठीच्या, नऊवारीत, डोक्यावर हेल्मेट. मागं अण्णा, ताठ, काळ्या जाकिटात. हेच अण्णा स्कूटरला जन्मभर 'चाकं लावलेला पाट' म्हणायचे. सुनीतानं महिनाभर मार्केट यार्डाच्या मैदानात वैनींना शिकवली होती आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. बालाजीलाही नाही.

मॅडमनी हात केला. "वैनी, लर्निंग लायसन दिसतंय. मागं पक्कं लायसनवाला माणूस लागतो."

अण्णांनी खिशातून लायसन काढून दाखवलं. चार आठवड्यांनी त्यांच्या मिशा पहिल्यांदा वर गेल्या. मॅडमनी ते नीट पाहिलं, दोन्ही हातांनी परत दिलं. "मग बरोबर हाय. जावा."

सिग्नल हिरवा झाला. वैनी निघणार, तेवढ्यात अण्णांचा हात सवयीनं पुढं गेला आणि वैनींच्या हनुवटीखाली चाचपडला. बक्कल लोंबत होतं.

अण्णा उतरले. हँडल चाचपत पुढं आले आणि चावी काढून घेतली.

मागं हॉर्न सुरू झाले. वैनी म्हणाल्या, "अहो, पहिलाच दिवस हाय."

"नियम म्हंजे नियम."

"मग आता चालवायचं कुणी? तुम्ही?"

अण्णांनी चावी जाकिटाच्या खिशात टाकली.

बालाजी पुढं झाला, माझ्याकडं बोट दाखवत म्हणाला, "अण्णा, तुम्ही माझ्यामागं बसा, वैनी ह्याच्यामागं बसतील."

"अन् माझी गाडी?" वैनी उतरल्या, पदर खोचला, हँडल धरलं. "चौकात सोडून जाऊ व्हय? मी नेते ढकलत."

एका बाजूनं वैनी, एका बाजूनं अण्णा. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, दोन्ही बक्कलं आता लावलेली. स्कूटर निघाली. घर दीड किलोमीटर.

बालाजीनं माझ्याकडं पाहिलं. मी गाडी बंद केली. त्यानंही केली. मग बाकीच्या दोघांनी.

लातूरच्या भर रस्त्यातून काळ्या जाकिटातले चार जण हेल्मेट घालून आपापल्या मोटारसायकली ढकलत निघाले. पुढं स्कूटर. एक पानवाला ओरडला, "काय झालं हो, सगळ्यांचंच पेट्रोल संपलं का?"

शेख मॅडम छत्रीखालून बाहेर आल्या, चौकाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि आमचं शेवटचं चाक पलीकडं जाईपर्यंत चारही बाजूंची वाहतूक थांबवून धरली.