कोबीतलं बाळ

आमचे काका सोलापुरात गिरणीत हेडक्लार्क होते आणि साहेबाचं सगळंच त्यांना गोड लागे. एकदा नवी पेठेतून त्यांनी विलायती पत्रांच्या कागदांची पेटी आणली. प्रत्येक कागदावर कोबीच्या गड्ड्यातून हसत डोकावणारं गोरं, गुबगुबीत बाळ होतं. झालं, काकांना स्वतःच्या मुलाच्या तसल्याच फोटोची कार्डं हवी झाली. फोटोग्राफर आला. माझ्या तान्ह्या चुलतभावाला टोपलीत बसवून भोवती कोबीची पानं खोचली. काजळ गालभर पसरेपर्यंत तो रडला. काका मात्र “व्हेरी नाइस” म्हणत राहिले आणि कार्डं छापून त्यांनी नातेवाइकांना धाडली.

थोड्याच दिवसांत मंद्रूपहून काकूचे वडील आले ते बैलगाडीत पाळणा घालूनच. “जावईबापू, पाळणा न्हाय म्हणून सांगायचं की! लेकराला भाजीत कशापायी बसवलं?”

काकांनी विलायती कागद पुढे करून कला समजावली. म्हातारबांनी चित्र निरखून पाहिलं.

“व्हय, पर ह्ये लेकरू रडत न्हाय.”

आत काकू पदर तोंडात कोंबून हसत होती.

त्यानंतर काका मंद्रूपला साध्या, बिनचित्राच्या पोस्टकार्डावर लिहू लागले, तेही इंग्रजीत, सासऱ्यांना वाचता येऊ नये आणि पुन्हा बैलगाडी जुंपायची वेळ येऊ नये म्हणून.