बावीस जागांची बस आणि रफूवाल्या काकू

रफूवाल्या काकूंचा हात असा, की फाटकी बाही त्यांच्याकडून परत येताना आपण जन्मात कधी फाटलोच नव्हतो अशा तोऱ्यात यायची. तीस वर्षं खिडकीजवळच्या त्याच स्टुलावर बसून त्यांनी अख्ख्या गावाची अब्रू टाके घालून झाकली. कोणाच्या कोटाला आतून किती ठिगळं, हे त्यांना तोंडपाठ. पण तोंडातून एक शब्द बाहेर नाही. म्हणजे, सहसा नाही.

पण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आला, डावाही त्याच्या मागोमाग निघाला, आणि गेल्या महिन्यात काकूंनी हेडमास्तरांच्या पँटचे दोन्ही खिसे शिवून बंद केले. बिचारे हेडमास्तर दिवसभर हात कुठं ठेवावेत या विवंचनेत. गाव पोट धरून हसलं. काकू मात्र हसल्या नाहीत. डोळा गेला तर हात गेला, हे त्यांना कळत होतं.

दवाखाना शहरात, चाळीस किलोमीटरवर. बस मंगळवारी आणि शुक्रवारी, तीही मनात आलं तर. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली. एकदा बस आलीच नाही, दुसऱ्यांदा वाटेत फाट्यावर फतकल मारून बसली. दवाखान्यानं बजावलं: तिसऱ्यांदा चुकलात तर नाव यादीच्या तळाला, म्हणजे आठ महिने थांबा.

तेवढ्यात थांब्यावर कागद लागला. मंगळवारी डेपोचे साहेब येऊन माणसं मोजणार, पंधराच्या खाली भरली तर फेरी बंद. आणि काकूंची तिसरी तारीख नेमकी त्याच मंगळवारची!

काकूंनी दारोदार फिरून फर्मान काढलं. "सगळ्यांनी बसमध्ये बसायचं. कामं आहेत असं तोंड करायचं. फाट्यावर उतरायचं आणि चालत परत यायचं."

"पण वहिनी, फाटा तीन किलोमीटर आहे," त्यांचे दीर कुरकुरले. या गृहस्थांना अंगणातून घरात यायलाही निमित्त लागतं.

"भावजी, चहाच्या टपरीवर दिवसाला किती फेऱ्या होतात तुमच्या? मोजू का?"

भावजींनी चपला शोधायला घेतल्या.

मंगळवारी गाव असं नटून आलं, जणू मुलीच्या सासरी निघालंय. किराणा दुकानदारानं रिकामी बॅग आणली होती आणि ती जड असल्यासारखी वाकून धरली होती. बस आली. काकू दाराशी उभ्या राहून एकेकाला आत ढकलू लागल्या. "चढा, चढा! आजोबा, खिडकीची जागा धरा!" बावीस माणसं चढली, बावीस जागा भरल्या. साहेब कंडक्टरच्या बाकड्यावर बसून कागदावर खुणा करत होते. काकूंनी समाधानानं पदर सावरला आणि पायरीवर पाय ठेवला.

"मावशी, जागा नाही," कंडक्टर म्हणाला. "उभं राहून न्यायचं नाही. साहेब आहेत."

काकूंना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग त्यांनी आत पाहिलं. जे धूसर दिसलं ते फार स्पष्ट होतं: बावीस जणं बावीस दिशांना बघत होती. आपण उतरलो तर साहेबाला संशय येईल, असं प्रत्येकाला वाटत होतं. दुकानदार तर डोळे मिटून घोरायलाच लागला.

"अहो, माझं ऑपरेशन आहे!"

"पुढच्या फेरीनं या ना, काकू," साहेब मायेनं म्हणाले. "शुक्रवारी."

काकूंचं टाळकं सरकलं. पहिल्याच बाकावर भावजी ऐसपैस बसले होते. "भावजी! घरात गॅस चालू राहिलाय तुमचा! उतरा!"

भावजींना मुळात चालायचंच नव्हतं. ते टुणकन उठले. "अरेच्चा, खरंच की!"

एवढं पुरे होतं. दुकानदार घोरता घोरता जागा झाला: "माझाही!" आजोबांना आठवलं की नळ उघडा आहे. कुणाची म्हैस सुटली, कुणाला पाहुणे येणार होते. दोन मिनिटांत बस रिकामी झाली, आणि खाली बावीस जणं तीन किलोमीटर वाचल्याच्या आनंदात एकमेकांकडे बघत उभी राहिली.

"मूर्खांनो," काकू पायरीवरून ओरडल्या, "एकच उतरायचा होता!"

पण कंडक्टरनं घंटी दिली होती.

साहेबांनी बावीसच्या आकड्यावर काट मारली आणि एक लिहिला. "काकू, गावात इतके गॅस चालू ठेवतात?"

"खोटं बोलले मी. तुमच्यापायी बोलले. साहेब, रोज कुणाचा डोळा जात नाही. आज माझा गेला, उद्या कुणाचा पाय मोडेल, परवा कुणाला कचेरीत जायचं असेल. पंधरा जणांनी एकाच दिवशी आजारी पडायचं का, तुमचा कागद भरावा म्हणून?"

"तसा रकाना नाही यात."

"मग बाजूला लिहा! समास कशाला सोडलाय एवढा?"

शहर येईपर्यंत काकू बोलत होत्या आणि साहेब समासात लिहीत होते. निदान पेन तरी हलत होतं. त्यातून काय निघेल ते त्या कागदालाच ठाऊक.

ऑपरेशन मात्र झालं. अगदी वेळेवर. दुपारी डोळ्याला पट्टी बांधून नर्स म्हणाली, "छान झालं, मावशी. आता घरी जा. उद्या सकाळी नऊला या, पट्टी काढायला."

"उद्या? उद्या बुधवार!"

"हो. तारखेचं पत्र पाठवलं होतं ना, त्याच्या मागच्या पानावर लिहिलं होतं की."

"अगं बाई, मागचं पान वाचायला डोळा लागतो. तोच तर दुरुस्तीला आणला होता!"

"मग कसं करता?"

काकूंनी व्हरांड्यातल्या लाकडी बाकाचा अंदाज हातानं घेतला, पिशवी उशाला ठेवली आणि चपला बाकाखाली सरकवल्या.

"मावशी, इथं राहता येत नाही हो."

"आणि तिथून येता येत नाही," काकू म्हणाल्या आणि अंगावर पदर ओढून आडव्या झाल्या. "नऊला उठव."