पट्ट्यांचं व्रत

दवाखान्यातून लोक फाईल घेऊन घरी येतात, आम्ही किस्से घेऊन आलो! फाईल कपाटात गेली. किस्से मात्र पोळ्या लाटताना, वाती वळताना कधीही आठवतात, आणि वाटतं, त्या खोलीत एकदा परत जाऊन बसावं. दवाखान्याची आठवण काढून हळवी होणारी बाई मीच असेन!

आमचे हे फौजेतून रिटायर होऊन वडूजजवळच्या शेतात रमलेले. एका सकाळी चहा पिताना उजवा हात लुळा पडला आणि तोंडातून शब्द फुटेना. हात दोन दिवसांत परत आला, शब्द मात्र अडूनच बसले. हे बोलायचंच टाळू लागले.

सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद झालीय. गोळ्या चालूच ठेवायच्या, जोडीला मशीन लावून बघू. हे ऑपरेशन नाही, आणि चमत्कारही नाही."

पायांना, मांड्यांना पट्टे गुंडाळायचे. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये ते फुगणार आणि रक्त वर ढकलणार. रोज एक तास, असे पस्तीस दिवस. शेवटी बोलण्याची तपासणी. मी माधवनगरला बहिणीकडे मुक्काम टाकला आणि मनात म्हटलं, हे व्रतच समजायचं.

*

व्रत म्हटल्यावर पूजा आलीच. पहिल्याच दिवशी मी मशीनला हळदीकुंकू वाहिलं. सिस्टर ओरडल्या, "मावशी, वायरीला कुंकू नको! शॉर्ट होईल!"

मी ओशाळून कोपऱ्यात बसले. चौथ्या दिवशी त्याच सिस्टर हळूच जवळ आल्या. "मावशी, ते पलीकडचं मशीन सारखं बंद पडतंय. जरा... त्यालाही लावता का?"

*

शेजारच्या कॉटवर जतकडचे बिरूआण्णा. जन्मभर मेंढरं राखली, दुखणं मात्र आमच्यासारखंच. मशीन सुरू झालं की अख्खी कॉट गदगदा हलायची. आण्णा म्हणायचे, "टेंपोत मेंढरं भरून नेताना त्यांचं काय हुत असंल, आज कळलं!"

सिस्टरनी समजावलं, की मशीन मनाने चालत नाही, तुमच्या ठोक्यानुसार चालतं.

"म्हंजे मालक मी?"

"हो."

आण्णा खूश! लगेच पट्ट्यांवर डाफरले, "मग जरा दमानं घे की गं! लय घाई झालीया तुला!"

*

ह्यांना उपास बंद केले होते, गोळ्या पोटभर जेवूनच घ्यायच्या. म्हणून ह्यांचे सोमवार मी धरले. माझे होतेच, वर ह्यांचे. एकाच दिवशी दोन कसे धरायचे? मग ह्यांचे मंगळवारी!

एका मंगळवारी खोलीतच घेरी आली. डॉक्टरीणबाईंनी माझं बीपी बघितलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, तुम्हालाच तिसऱ्या कॉटवर झोपवू का?"

"झोपवा की!" आण्णा आडवे पडल्या पडल्या म्हणाले. "जोडीनं पूजा हुईल!"

शेवटी बाईंनीच मला व्रत सांगितलं. "उपास सोडा आणि दोघंही मीठ कमी करा. लोणचं, पापड बंद. देवाला चालेल का माहीत नाही, मला चालेल!"

देवालाही चाललं असावं. तसं त्याने काही कळवलं नाही.

*

बाराव्या दिवशी मध्येच लाईट गेली. जनरेटर बघायला जाताना सिस्टर ह्यांना म्हणाल्या, "हलू नका हं!" आणि तिकडेच अडकल्या.

बऱ्याच वेळाने परत आल्या, तर हे तस्सेच! हात अंगाला चिकटलेले, नजर छताला. नाकावर माशी बसलेली.

"अहो काका, माशी तरी हाकलायची!"

"ऑर्डर... न्हवती."

सिस्टर हसल्या, आण्णा हसले. मी बाहेर जाऊन पदराने डोळे पुसले. आजारपणानंतर ह्यांनी आपणहून जोडलेले ते पहिले दोन शब्द होते.

*

पस्तिसावा दिवस. डॉक्टरीणबाई चित्रं दाखवत होत्या.

"हे काय?"

"बैल."

"हे?"

"...खुरपं."

सावकाश, पण बरोबर! मी पदराआड हात जोडून बसलेले.

मग बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "या कोण?"

"मंडळी."

"छान! नाव काय यांचं?"

बाईंनी पुन्हा विचारलं. ह्यांनी मान खाली घातली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, मी मान उंचावून ते वाचायला बघितलं.

"आठवंना व्हय, फौजी?" आण्णांनी हळूच विचारलं.

बाई खुर्ची पुढे ओढून मऊ आवाजात म्हणाल्या, "बरं काका, नाव राहू दे. घरात यांना हाक कशी मारता, तेवढं सांगा."

ह्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, न अडखळता म्हणाले,

"हाक कशाला मारायची? ती लांब जाती कवा?"