हात वले करा आधी

"हात वले करा आधी!"

धरणावर कुणाच्या गळाला कटला लागला की काका लांबूनच ओरडायचे. कोरडा हात लागला तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि सोडलेला मासा जगत नाही. आमच्याकडे नियमच होता : मासा धरायचा, तोलायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा. आता तुम्हीच सांगा, रत्नागिरीत पाहुण्यांकडून पैसे घेऊन मासा धरून परत पाण्यात सोडायचा धंदा काढणारा शहाणा कोण असेल? मीच. पालीच्या बाजारात लोक मला बघून अजून हसतात.

काका आमचे राखणदार. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "म्हंजे कालवण न्हाय?"

"नाही."

"मग त्याला उगा बोलवायचा कशाला?"

पण पुढे नाद लागला तो त्यांनाच. माशाला पाण्याखाली दोन्ही हातांत धरून म्हणायचे, "हलू नको, बाय. सोडतंय." मासा खरंच निपचित राहायचा. मग शेपटीचा फटकारा मारून जायचा. काकांचं तोंड भिजायचं. ते पुसायचे नाहीत.

एकदा पाहुण्यांना गळ फेकून दाखवताना मी तो स्वतःच्याच कानात अडकवला. काकांनी आधी हात पाण्यात बुडवले, मग माझा कान धरला. "हलू नको, बाय."

"काका, मी मासा नाही!"

"मासा गप तरी ऱ्हातो."

पाहुण्यांनी फोटो काढले. तोलायचं तेवढं राहिलं.

पुढे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी काकांना त्यांच्या मुलाने मुंबईला नेलं. ऑपरेशन झालं, पण या वयात धरणावर एकटे नको म्हणून त्याने ठेवून घेतलं. मुलगा चांगला आहे, हीच पंचाईत. भांडणार कुणाशी?

मी भेटायला गेलो. बाराव्या मजल्यावर काका खिडकीच्या जाळीला नाक लावून बसलेले. लिफ्टची भीती वाटते, जिन्याला दम पुरत नाही. मुलगा चहा करायला आत गेला तसे कानाशी आले.

"धरला, तोलला, फोटू पन काढला. सोडायचं इसरले, भाऊ."

चहा पिताना मी काकांना धरणावर परत पाठवण्याबद्दल मुलाकडे शब्द टाकला. "तिकडे काही झालं तर तुम्ही बघणार का?" त्याने शांतपणे विचारलं. स्वतःच्या कानातला गळ ज्याला काढता आला नाही, तो दुसऱ्याचं काय बघणार?

निघताना मी बेसिनवर हात ओले केले आणि काकांचा हात धरला. ते बोटही न हलवता उभे राहिले, सोडण्याआधी कटला राहायचा तसे. मग मी बाहेर आलो आणि मुलाने आतून दार लावलं.