कॅमेऱ्यातून गळलेले अकरा सेकंद

कुवेतमध्ये मंगफच्या या घरात मी स्वयंपाक करते आणि मुलीला सांभाळते. साहेब रिफायनरीत इंजिनिअर आहेत, वहिनी एका ऑफिसात जातात. मुलगी साडेतीन वर्षांची. आईबाबांना ती इंग्रजीत उत्तर देते, माझ्याशी मात्र मराठीत बोलते, तेही माझ्या कोकणातल्या सुरात. वहिनींना त्याचं हसू यायचं.

घरात तीन कॅमेरे आहेत. त्यांचं चित्र टीव्हीखालच्या कपाटात, डब्याएवढ्या एका कॉम्प्युटरमध्ये साठतं आणि वहिनी ऑफिसातून फोनवर बघतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. दुसरीच्या हाती मूल सोपवून जाणारी आई बघणारच.

साहेबांनी नवे कॅमेरे लावले तेव्हापासून त्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरू लागला. मुलगी हॉलभर पळायला लागली की जास्तच. धूळ पुसताना हात लागला तर चटका बसे. सांगावं असं मनात आलं, पण साहेबांच्या यंत्रातलं मी काय सांगणार, म्हणून गप्प बसले.

त्या गुरुवारी मी कणीक मळत होते. वळून बघते तर मुलगी सोफ्याच्या पाठीवर चढून उभी. पुढे काचेचं टीपॉय. मी धावले आणि ओरडले, "गो बाय, उतर खाली!" ती दचकली आणि तिचा पाय सटकला. मी तिचं मनगट पकडलं. डोकं काचेवर आपटलं नाही, पण अंगाचा सगळा भार त्या हातावर आला. ती किंचाळली आणि मग हात हलवेना.

मी वहिनींना फोन केला. दवाखान्यात डॉक्टरांनी निसटलेलं कोपर क्षणात बसवलं. मग म्हणाले, लहान मुलांचा हात कुणी ओढला की असं होतं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "ती पडत होती," एवढंच मी म्हणाले. घाबरले की माझ्या तोंडून शब्द निघत नाहीत.

घरी येऊन त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. मुलगी सोफ्यावर उभी आहे. मग एकदम ती जमिनीवर बसून रडते आहे आणि तिचं मनगट माझ्या मुठीत आहे. मधलं काहीच नाही.

"पडत होती म्हणालात ना? कुठे पडतेय, दाखवा मला," वहिनी म्हणाल्या.

मला दाखवता येईना. त्या दिवशी मुलीला त्यांनीच भरवलं. ती माझ्याकडे यायला लागली तर तिला उचलून आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी दोघं तेच रेकॉर्डिंग टीव्हीवर लावून बसले होते. मी चहा ठेवायला गेले. मुलीचं रडणं मला बघवेना, म्हणून चित्राच्या कोपऱ्यातल्या आकड्यांकडे बघत राहिले. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण वजाबाकी पक्की आहे. साठातून त्रेपन्न गेले सात, त्यात चार मिळवले, अकरा.

"साहेब," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की दुसऱ्यांदा हाक मारावी लागली. "ते कोपऱ्यातलं घड्याळ बघा. चार बाराचे त्रेपन्न सेकंद आहेत, आणि लगेच चार तेराचे चार."

साहेबांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. "अगं, अकरा सेकंद गायब आहेत! आपण कालपासून नुसते पोरीकडेच बघतोय."

"गायब कसे होतील? कुणी काढले?" वहिनींची नजर माझ्यावर आली.

"मावशी काढणार? मला येत नाहीत काढता ते!"

मग मी पंख्याचं आणि चटक्याचं सांगितलं. साहेबांनी कपाळावर हात मारला. दुपारपर्यंत लॅपटॉप घेऊन ते त्या कॉम्प्युटरमागे लागले. कॅमेऱ्यातून चित्र घडी घालून येतं, ती घडी उलगडायला कॉम्प्युटरमध्ये वेगळी ग्राफिक्स चिप असते, असं ते वहिनींना सांगत होते. हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन म्हणतात त्याला. नव्या कॅमेऱ्यांची घडी वेगळ्या पद्धतीची, आणि सेटिंग राहिलं जुनंच. त्यामुळे चिप रिकामी बसली होती आणि सगळं काम मुख्य प्रोसेसरवर पडत होतं. हालचाल वाढली की त्याला झेपेना, आणि दहा-अकरा सेकंदांचे तुकडे गळून जायचे. बुधवारच्या रेकॉर्डिंगमध्येही तशीच भोकं निघाली.

सेटिंग बदललं तरी पंखा घरघरतच राहिला. "आता चिपला हात लावायची परवानगीच नाही म्हणतोय," साहेब वैतागले. ती परवानगी दिली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, आणि पंखा शांत झाला.

मला वाटलं, सुटले. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "मशीन बिघडलं होतं, मान्य. पण त्या अकरा सेकंदांत झालं काय?"

गळलेला तुकडा परत मिळणार नव्हता. मी सांगेन तेवढंच आता होतं. ओरडल्याचं गाळून सांगता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण मी सगळं सांगितलं. मी ओरडले, ती दचकली, पाय सटकला, मी मनगट धरलं.

"तुम्ही ओरडलात म्हणून ती पडली?"

"हो."

"अगं, तू नाही का ओरडत तिच्यावर?" साहेब मध्येच म्हणाले. "काल सकाळी दुधावरून..."

"मी मावशींशी बोलतेय."

त्या मुलीकडे आत गेल्या. मीही पोळ्या करायला उठले.

शनिवारी मुलगी दिवसभर त्यांच्याजवळ होती. गावी परत पाठवतील की काय, या विचाराने मला जेवण गेलं नाही. परत जाण्याचं दुःख एवढं नव्हतं. मुलाला इजा करणारी बाई म्हणून जायचं, ते सहन होत नव्हतं.

रविवारी वहिनी ऑफिसला निघाल्या. रोज त्या दारात मुलीला माझ्या कडेवर देत. त्या दिवशी कडेवर दिली नाही, खाली उभी केली. "जा मावशीकडे," म्हणाल्या, आणि दाराला हात लावून तिथेच थांबल्या.

मी हात पुढे केले नाहीत. करावेत की नाही, ते कळत नव्हतं. मुलगी चालत आली आणि माझ्या पायांना बिलगली. मी खाली वाकून तिला दोन्ही काखांतून उचललं, सावकाश. तोवर वहिनी बघत होत्या. मग त्यांनी दार ओढून घेतलं.